भांडणाचा चौकोन

त्या काळात एखाद्या संस्थेत साधा चहावाला नेमायचा असला तरी आधी त्याचा चौकोन काढावा लागे. चौकोन नाही तर माणूस नाही. वेळणा धरण संस्थेतला एक कारकून सुटीवरून परतला, तर मधल्या काळात त्याचा चौकोन शेजारच्या चौकोनात विरघळलेला. फाटक उघडेना, खुर्ची ओळख देईना. तसाच घरी गेला, तर बायको म्हणाली, "तरीच सकाळपासून मला आठवेना, भाजी किती जणांची टाकायची ते!" भाजीचं एक वेळ सोडून द्या, पण फाटकाचं खरं.

हा सगळा प्रताप संस्थारेखेचा. संस्थारेखा म्हणजे अख्ख्या संस्थेचा नकाशा. त्याला चार मजले. सगळ्यांत वर संस्था कशासाठी आहे ते, त्याखाली कामं आणि ती करणारी माणसं, त्याखाली माहिती, तळाशी यंत्रं. आणि कुणाचं कुणावाचून अडतं हे दाखवणाऱ्या रेघा. पूर्वी असले नकाशे भिंतीवर लटकत आणि त्यांच्याखाली बसून माणसं आपल्याला हवं तेच करत. मग 'पाळक' आला. हे यंत्र नकाशा वाची आणि संस्था हुबेहूब तशी चालवी. काढलेलं मोडू द्यायचं नाही आणि न काढलेलं ठेवायचं नाही, एवढंच त्याला कळे. वर त्याला खोटं बोलायची कायद्याने बंदी होती, त्यामुळे लोक निर्धास्त होते.

नकाशा काढणाऱ्याला रेखक म्हणत. शर्वाणी तांबट अजून शिकाऊ रेखक होती. शुक्रवारी तिची पहिली संस्थारेखा वेळणा धरणावर उतरायची होती आणि तिचं जेवण आठवडाभर घशाखाली उतरत नव्हतं. धरणाच्या पायथ्याशी कासारपेठ, आणि कासारपेठेत नदीकाठच्या आळीत तिची आई.

"वरच्या मजल्यावर काय लिहिलंस?" डॉ. हर्डीकरांनी विचारलं. या तिच्या गुरू. संस्था कशा मोडतात याचा अभ्यास करण्यात त्यांचे केस पिकले होते.

"कासारपेठ बुडू नये."

"शाबास. बाकीचे 'सर्वांगीण विकास' लिहितात आणि मग बुडतात. आता हे सांग, पाण्याची पातळी दोनदा का मोजली जाते?"

शर्वाणी ओशाळली. धरणाची पातळी मोजायचं काम मोजणी विभागाचं. त्याचे प्रमुख भाऊसाहेब कुंभोजकर, म्हणजे तिचे सख्खे मामा. पण दरवाजे उघडणाऱ्या विभागाचे मिराशी मामांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नसत. स्वतः काठावर जाऊन पट्टी बघून येत. ते कळलं की मामाही तिरीमिरीत जाऊन मिराशींची चूक शोधत.

"वीस वर्षांचं वैर आहे, मॅडम. संस्थेच्या सहलीत मामांनी मटण रांधलं होतं. मिराशी म्हणाले, रश्श्याची पातळी धोक्याच्या खुणेवर गेलीय, दरवाजे उघडा!"

हर्डीकर हसल्या. "रस्सा राहू दे. पहिला धडा काय?"

"एका माहितीला एकच धनी."

"मग पुसून टाक एक."

शर्वाणीने मिराशींची पट्टी पुसली आणि नकाशा छायेत सोडला. छाया म्हणजे संस्थेची संगणकातली सावली. शंभर पावसाळे ती एका दुपारात जगून दाखवी. दुपार सरता सरता छायेत जलपर्णी वाहत आली, मोजणीयंत्राला गुंडाळली आणि आकडा होता तिथेच थिजला. दरवाजे बंद राहिले. कासारपेठ बुडाली.

शर्वाणीने नकाशा परत उघडला. तिने दुसरं यंत्र बसवलं आणि ते वेगळ्या माणसाकडे दिलं. कासारपेठ पुन्हा बुडाली. तिसरं बसवलं, तर आणखी लवकर बुडाली.

"हे कसं काय, मॅडम? यंत्रं तीन, माणसं तीन!"

"तीन भली माणसं," हर्डीकर म्हणाल्या. "प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल. विश्वास आला की काठापर्यंत जायचे कष्ट कोण घेतो? पुसण्याआधी काय होतं तिथे, जे आता नाही?"

शर्वाणीला उत्तर कळलं आणि नको वाटलं. दोन माणसं भर पावसात काठावर धावत होती, ती दुसऱ्याला तोंडावर पाडायच्या आशेने. धरण सिमेंटवर नव्हे, वैरावर उभं होतं.

नको वाटायला कारण होतं. महिन्यापूर्वी मामांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि शहाळी घेऊन पहिले कोण आले होते, तर मिराशी. दोन म्हातारे हात हातात धरून रडले होते. तेव्हापासून मामांचा चेहराच बदलला होता.

"शर्वे, रविवारी मिराश्याला जेवायला बोलावलंय," त्याच संध्याकाळी मामांनी फोनवर सांगितलं. "रस्सा आळवून आळवून दाट करतो. चमचा उभा राहिला पाहिजे! एवढं एक मिटलं ना, की सुखाने मरतो बघ."

"मामा, मरायचं काय बोलता!"

"बरं, सुखाने जगतो. मग तर झालं?"

भांडण काढलं नाही, तर रविवारी ते मिटणार आणि कधीतरी जलपर्णी येणार. काढलं, तर पाळक ते कधीच मिटू देणार नाही. शर्वाणी गुरुवारचा अख्खा दिवस पडद्यासमोर बसून राहिली. चारदा चौकोन काढला आणि चारदा पुसला. आईचा फोन आला, मसाला संपलाय, येताना घेऊन ये म्हणाली. तो ठेवल्यावर शर्वाणीने पाचव्यांदा चौकोन काढला, त्यात 'भांडण' लिहिलं, त्यातून वर 'कासारपेठ बुडू नये' पर्यंत रेघ ओढली आणि पुसलं नाही.

शुक्रवारी नकाशा उतरला. शनिवारी पाळकाने मिराशींना एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. बारा वर्षांपूर्वी मामा एका बैठकीत म्हणाले होते, "मिराशी गेला तर धरणाचा भार हलका होईल." मामांना पाळकाने एवढंच कळवलं, की मिराशींनी त्यांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांच्या जागेची चौकशी केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मिराशींनी चौकशी केली होती ती मामांची जागा कुणी बळकावू नये म्हणून. पण तेवढं कुणी विचारलं नव्हतं आणि पाळकानेही सांगितलं नाही.

रविवारी रस्सा पातेल्यातच राहिला.

"मॅडम, यंत्र माझ्या मामांना छळतंय!"

"छळत नाही गं. तू काढलेलं मोडू देत नाहीये," हर्डीकर थकल्या आवाजात म्हणाल्या. "पुसायचं असेल तर अजून पुसता येईल. अधिकार तुझाच आहे."

मंगळवारी डोंगरात धो धो कोसळू लागलं. दुपारी मामा तिच्या खोलीत आले. शस्त्रक्रियेनंतर अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. खुर्चीत बसून ते बराच वेळ छत्रीची मूठ चोळत राहिले.

"शर्वे, मला राहून राहून वाटतंय, मिराश्या तसा नाही. शहाळी घेऊन आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत मी पाहिलंय. कुणीतरी लावालावी करतंय आमच्यात." त्यांनी मान वर केली. "तुझ्या त्या नकाशात तर काही नाही ना? तू नाही म्हण, मी लगेच जाऊन त्याच्या पाया पडतो. आज पातळीसुद्धा त्याचीच खरी मानतो."

खिडकीबाहेर डोंगर दिसत नव्हता. पडद्यावर भांडणाचा चौकोन पिवळा होऊन लुकलुकत होता. पाळक गप्प होता. मिराशींविरुद्ध सांगण्यासारखं खरं त्याच्याजवळ उरलं नव्हतं बहुधा.

शर्वाणीने मामांचे वाळलेले हात पाहिले. नंतर तिला नदीकाठची आळी दिसली.

"नकाशात काय असणार, मामा?" ती म्हणाली. "पण खरं सांगू का, मिराशींचं मलाही काही खरं वाटत नाही. तुम्ही आपलं स्वतः जाऊन पातळी बघून या."

मामांचा चेहरा मिटत गेला. ते उठले, छत्री उघडायचीही शुद्ध न राहता पावसात काठाच्या दिशेने तरातरा चालू लागले.

पडद्यावरचा चौकोन हिरवा झाला. त्याच्या पोटात आणखी एक लहानसा चौकोन उमटला. तो कुणी रेखकाने काढला नव्हता. आत तिचं नाव होतं.