पाटीखालचं पीठ

तिसगावातून गुरांच्या छावणीवर जायला मच्छिंद्रला सायकलनं पस्तीस मिनिटं लागायची, वारा समोरून असला तर चाळीस. तो जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होता. दुष्काळानं त्या वर्षी छावणीत अकराशे जनावरं आणून बांधली होती. सकाळी साडेसहाला लशीची पेटी कॅरियरला आवळून तो निघायचा आणि दुपारी बाराच्या सुमाराला परत यायचा. त्याची बायको बनू गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायची. बारा वाजता तिचा तास असे. खिडकीतून तिला रस्त्यावरचा त्याचा पांढरा सदरा दिसायचा.

१९७३ च्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तो सदरा दिसला नाही.

परत येताना, गावापासून सव्वा किलोमीटरवर, ओढ्याच्या पुलापुढं एका लिंबाजवळ मागून आलेल्या मोटारीनं त्याला उडवलं होतं. मोटारवाला पळाला नाही. खडी फोडणारी माणसं धावत आली तेव्हा तो मच्छिंद्रचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता. मच्छिंद्रचा जीव तिथंच गेला. पंचनामा झाला, प्रेत पाथर्डीला गेलं, चिरफाड झाली. संध्याकाळी जाणत्यांनी ठरवलं, असलं प्रेत उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. गाडी परस्पर ओढ्याकाठच्या मसणवट्यात गेली. बनूला तोंड तेवढं दाखवलं.

नंतरच्या दिवसांत एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. तो घरून गेला आणि घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारवाला अंगणात येऊन उभा राहिला. हात जोडलेले. तिची सासू रंगुबाई आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"पानी पी बाबा अन् जा," ती म्हणाली. "हितं हुबा ऱ्हाऊ नको. मला बघवत न्हाई."

तिसऱ्या दिवशी रंगुबाईनं पिठाचा विषय काढला. घरात माणूस गेलं की जमिनीवर पीठ पसरायचं, दिवा दाखवायचा, वर वेताची पाटी उपडी झाकायची. सकाळी पाटी उचलली की गेलेला ज्या जन्माला गेला त्याचं पाऊल उमटलेलं दिसतं. चिमणीचं, गाईचं, कधी मुंगीची ओळ.

"मुंग्या पिठाला येतातच, आत्याबाई," बनू म्हणाली.

"येत्यात की. तू बीएस्सी झालीस म्हनून त्या यायच्या ऱ्हात्यात व्हय?"

बनू हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग दोघी रडल्या.

घरात रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीचं तांबडं पीठ होतं. रंगुबाईनं ते हातानं बाजूला सारलं. उतरंडीच्या तळच्या मडक्यात शाळूचे चार पायली पांढरे दाणे तिनं राखून ठेवले होते, ते दळले. देवळीखाली पीठ पसरलं, पाटी झाकली. सकाळी पीठ जसंच्या तसं होतं.

"तो घरात न्हाईच," रंगुबाई म्हणाली. "जीव रस्त्यात गेला त्याचा. आजून तिथंच हुबा आसंल. तेराव्याला पान वाढलं की मंग त्याला कुनी हाक मारायची न्हाई. तवर आला तर आला."

बनूचा यावर विश्वास नव्हता. पण त्याच संध्याकाळी ती पीठ आणि पाटी घेऊन लिंबाखाली गेली. डांबराच्या कडेला, सायकली जातात त्या मातीच्या पट्ट्यावर तिनं मलमलीतून पीठ चाळलं, पाटी उपडी घातली, वर दगड ठेवला. पाटीभोवती राखेची रेघ ओढली, म्हणजे कुणी हात लावला तर कळेल.

सकाळी सात वाजता राख न मोडलेली होती. दगड जागच्या जागी. पाटीखाली पिठावर सायकलच्या चाकाची पाटीएवढी लांब खूण होती, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

चाकाच्या खुणेत ओळीनं बाण होते. तसा टायर गावात एकच होता. दिवाळीत सायकलवाल्या दाऊदनं नगरहून आणून मच्छिंद्रच्या सायकलला घातलेला. ती सायकल पोलीस चौकीच्या मागं पडली होती, पुढचं चाक दुमडलेलं. बनू चौकीत जाऊन बघून आली. साखळीवर धूळ होती.

बाणांची टोकं गावाकडं होती.

तिनं वहीत तारीख टाकली आणि खाली लिहिलं: *घराकडे.*

दुसऱ्या संध्याकाळी तिनं पाटी दीडशे पावलं अलीकडं आणली. सकाळी खूण होती. तिसऱ्या दिवशी पुलावर. मग वडाराच्या पालांपाशी, मग शाळेच्या कुंपणाशी. रोज खूण, रोज बाण घराकडं. ती कुणाला काही बोलली नाही. पण दुपारी आपण दोन माणसांपुरत्या भाकरी थापतोय हे तिच्या ध्यानात यायला लागलं, आणि ध्यानात येऊनही ती थापत राहिली. रंगुबाई बघायची आणि चुलीत काटकी सारायची.

"कुठवर आला?" एका सकाळी तिनं हळूच विचारलं.

"शाळेपर्यंत."

"लई सावकाश येतोय गं."

एक गोष्ट मात्र बनूला खटकत होती. एकदा ती सहालाच गेली तेव्हा पीठ कोरं होतं. पाटी तशीच झाकून ती सातला परत गेली तर खूण उमटली होती. म्हणजे जे काही व्हायचं ते सहा आणि सातच्या मध्ये होत होतं. पण मच्छिंद्रची घरी यायची वेळ ती नव्हती. तो बाराला यायचा.

बाराव्या दिवशी खूण अंगणात, दारापासून चार पावलांवर मिळाली. ती वही घेऊन दाऊदच्या दुकानी गेली. दाऊद पंक्चर काढत होता. तिला बघून त्यानं टोपलं उपडं करून बसायला दिलं.

"दाऊदभाई, हा बाणांचा टायर तुम्ही कसा बसवता? बाण पुढं की मागं?"

"पुढं, बाई. वरनं बघितलं की बाण पुढं पायजे. मच्छिंद्रभाऊच्या गाडीचा ना?" त्यानं हात पुसले. "मीच घातला. टाइट बसत नव्हता, दोघांनी मिळून चढवला. लई हसलो त्या दिवशी."

"मग मातीत बाण ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूला सायकल गेलेली असते."

"नाही नाही." त्यानं उपडी घातलेली सायकल सरळ केली, पाना बाजूला ठेवला आणि खडूनं टायरच्या माथ्यावर पुढं तोंड केलेला बाण काढला. मग सायकल सावकाश पुढं ढकलली. खडूचा बाण फिरत खाली गेला, आणि जमिनीला टेकला तेव्हा त्याचं तोंड मागं होतं.

"जमिनीवर उलटा छाप पडतो. बाण जिकडं बघतो तिकडनं गाडी आलेली आसते. तुमी शाळेत चाक शिकवता बाई, आमी फिरवतो. एवढाच फरक."

बनू त्या खडूच्या बाणाकडं बघत राहिली. वर्तुळाकार गती ती सहा वर्षं शिकवत होती.

मच्छिंद्र येत नव्हता. तो जात होता. रोज साडेसहाला, घरून निघून, लिंबाकडं. रस्त्यात उभा राहून घरी यायची वाट बघणारा कुणी तिथं नव्हताच. गेले बारा दिवस तो रोज घरातच असला पाहिजे, त्याशिवाय रोज निघणार कुठून? आणि ती त्याला रस्त्यावर शोधत होती.

घरी येऊन तिनं रंगुबाईला सांगितलं.

"म्हंजी रोज जातोय," रंगुबाई म्हणाली. "रोज त्या मोटारीखाली जातोय माजं लेकरू."

"उद्या नाही जाणार."

"उद्या तेरावा हाय, बनू."

"म्हणूनच."

मच्छिंद्र रात्री सायकल खाटेजवळच लावायचा आणि सकाळी हातानं ढकलत दारापर्यंत न्यायचा. बनूनं मडकं निपटून उरलेलं सगळं पीठ काढलं. खाटेच्या त्याच्या बाजूच्या पायापासून उंबऱ्यापर्यंत सलग पट्टा पसरला, दोन बोटं जाड. पाटी झाकली नाही.

सकाळी सहाला ती उंबऱ्यात बसली. पाठ अंगणाकडं, तोंड घरात. दाराच्या चौकटीतून वाट उरणार नाही अशी. मांडीवर शाळेची लाकडी पट्टी होती.

पीठ कोरं होतं.

उजाडायला लागलं. पांढरा पट्टा आधी करडा दिसला, मग पांढरा. कुठं आवाज नाही. शेजारचा रेडा एकदा खाकरला.

तिनं घड्याळ बघितलं. साडेसहा.

मान खाली केली तेव्हा खूण उमटलेली होती. खाटेपासून निघालेली, सरळ, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबलेली. चाकाच्या डाव्या अंगाला अनवाणी पावलं होती. मच्छिंद्र चप्पल अंगणात घालायचा. पावलं एकामागून एक येत होती आणि शेवटची दोन शेजारी-शेजारी होती, बोटं तिच्याकडं.

तिला वाटलं होतं आपण ओरडू. ती ओरडली नाही.

तिनं पट्टी उभी करून चवड्यापाशी धरली. सहा मिलिमीटर खोल.

"बनू," आतून रंगुबाईचा आवाज आला. "उजाडलं गं. सर की दारातनं."

"नाही सरणार," बनू म्हणाली. रंगुबाईला नव्हे.

वारा नव्हता. टाचांच्या जागी पिठाचे कण सैल होऊन खड्ड्यात घरंगळले. तिनं पट्टी पुन्हा चवड्यापाशी लावली. आठ. मग नऊ.

बसलेल्या माणसाशी बोलायला कुणी वाकलं की भार टाचांवरून चवड्यावर येतो. बनूनं पट्टी खाली ठेवली आणि तोंड वर केलं.