सरळ बोलेल तो हरेल

व्हरांड्यातल्या एकाच खांबाला दोघं दोन बाजूंनी टेकून बसली होती. उमाचं कोपर मागं गेलं आणि पलीकडच्याची वही खाली पडली.

"माफ करा हं." वही उचलता उचलता तिला वाटलं, विचारून तर पाहावं... "यात व्याख्या आहेत का हो? पाच मिनिटं द्याल?"

"घ्या की. बिलकुल घ्या."

साल एकोणीसशे एकोणसाठ. जालन्यात कॉलेजांची तत्त्वज्ञानाची प्रश्नमंजूषा भरली होती. विषय होता उपरोध. उमा इथल्याच मस्तगड भागातली, खरी इंटर सायन्सची. तत्त्वज्ञानवाली तारा तापानं फणफणली, म्हणून हिला उभं केलेलं. पण अण्णांनी, तिच्या वडिलांनी, शब्द दिला होता: विजेत्याची ढाल आणलीस तर बी.एस्सी.ला औरंगाबाद, नाही आणलीस तर रविवारी शहागडचे पाहुणे तुला बघायला येतील. सकाळच्या फेऱ्या तिनं जिंकल्या. आता अंतिम फेरीत समोर औरंगाबादच्या कॉलेजचा, मूळ राजूरचा नरहर. वहीवाला तोच.

तिनं वही उघडली. पहिल्याच पानावर ताज्या शाईत लिहिलं होतं: 'मस्तगडची उमा अंतिम फेरीत हाय. तिच्यापुढं आपल्याला उपरोध जमायचा न्हाई. खरं तेच तोंडातून निघून जाईल.'

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ही... ही कसली व्याख्या?"

नरहरनं वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, उलटी उघडली तुम्ही!"

"मी बरोबर उघडली. उलटी तुम्ही भरलीत."

"सातवीपर्यंत उर्दू शाळेत होतो. हात अजून उजवीकडूनच वही सुरू करतो... ते शेवटचं पान हाय."

"माझं पहिलं," उमा म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली.

फेरीचा नियम साधा होता. अडाण्याचं सोंग घ्यायचं, प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर द्यायचं. सरळ बोलेल तो हरेल.

"उपरोध म्हणजे काय हो? मला कळेल का?" उमानं सुरुवात केली.

"तुम्हाला न कळणारं जगात काही हाय का?"

"मग तुमच्यासारखे विद्वान इथं कशाला आलेत?"

"राजूरच्या माणसाला विद्वान म्हणता, तब्येत बरी हाय ना?"

सभागृह हसलं. उमानं श्वास घेतला. वहीतून हाती आलेलं निरीक्षण कुणी टाकून देतं का?

"ज्याच्यापुढं उपरोध जमतच नाही, असं माणूस तुम्हाला कधी भेटलंय का?"

नरहरनं तोंड उघडलं.

"भेटलंय," तो म्हणाला. "आजच."

बाकं दणाणली. ढाल उमाची झाली.

पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. "मुद्दाम हरलात?"

"छे! ढाल घेऊनच येतो म्हणून सांगून आल्तो. आता कॉलेजात काय तोंड दाखवू?"

"मी दगा केला."

"केलाच. पण जिंकायची एवढी घाई कशाची होती?"

"औरंगाबादला यायचं होतं... शिकायला."

"औरंगाबादला?" तो थबकला. "मंग हरलो ते लई बराबर झालं!"

मागून अण्णा येऊन उभे राहिले होते. त्यांनी नरहरला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"राजूरचे ना? कुणाचे तुम्ही?"

"रामरावांचा. आम्ही दोघं भाऊ, विहीर बागायत—"

"अण्णा," उमा घाईनं म्हणाली, "ते सगळं दोन वर्षांनी विचारा. बी.एस्सी. झाल्यावर."

"थांबतो मी," नरहर म्हणाला. त्याला अजून कुणी विचारलंच नव्हतं.