वजनकाट्याची झोळी

दर महिन्याच्या पाच तारखेला नीलिमाच्या अंगणवाडीत पोरांची वजनं होत. आढ्याला काटा टांगायचा, काट्याला कापडी झोळी, झोळीत पोर. पोर बोंबलायचं, आई हसायची. नऊ वर्षांत गावची सगळी लेकरं नीलिमानं तोलली. स्वतःचं एकही नाही. नागपूरचे डॉक्टर झाले, नवससायास झाले. नवरा प्रफुल भला माणूस, त्यानं तो विषयच सोडून दिला होता.

माणसाला कधी काय सुचेल, नेम नाही. दिवाळीनंतरच्या एका रिकाम्या दुपारी तिनं रजिस्टरच्या तळाला एक नाव लिहिलं. दिव्यानी. लग्न झालं तेव्हापासून राखून ठेवलेलं. आईचं नाव नीलिमा, वजन दोन किलो आठशे. लिहून इतकं बरं वाटलं, की पुढच्या महिन्यात तिनं तीन किलो सहाशे लिहिलं. मग दर महिन्याला थोडं थोडं. पोरगी कागदावर बाळसं धरू लागली.

मे महिन्यात मदतनीस कमळाबाईनं झोळी टांगली आणि हात मागे घेतला.

"बाई, काटा शून्यावर येऊन नाई राह्यला."

झोळी रिकामी होती. काटा सात किलो दोनशेवर. तोच आकडा नीलिमानं सकाळी एकटीनं बसून लिहिला होता. झोळीला वेखंडाचा वास येत होता. भ्यायला हवं होतं, पण नीलिमाला आनंदानं रडूच फुटलं. तिनं झोळीला हलकेच झोका दिला.

"रिकामी झोळी हालवू नये बाई..." कमळाबाई पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिका तपासणीला येणार होती. खोटं नाव सापडलं तर नोकरी गेलीच. नाव कमी करायला कारणं दोनच, मृत्यू नाहीतर स्थलांतर. 'मृत्यू' लिहायला नीलिमाचा हात रेटेना. तिनं 'स्थलांतर' लिहिलं, आणि गाव म्हणून सूरजागडाकडच्या एका टोल्याचं, जंगलातल्या चार घरांच्या वस्तीचं, नाव टाकलं. त्याच क्षणी काटा खटकन शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षिकेनं स्थलांतराच्या यादीवर सही केली, यादी तिकडे पाठवली.

जूनच्या पाच तारखेला, भर अकरा वाजता, नीलिमाचा फोन वाजला.

"नीलिमाबाई का? मी सोमारी, टोल्याच्या अंगणवाडीतून. यादीत तुमच्या गावची एक पोरगी हाये. दिव्यानी."

"हो..."

"पोरगी काई दिसत नाई, बाई. झोळी रिकामीच हाये. पन काटा वजन दाखवते... सकाळी सहा किलो होतं. आता पाच. झोळीतून रडनं ऐकू येते." सोमारीचा आवाज खाली गेला. "उपाशी हाये वो ती. तिची माय काऊन नाई आली संगं? कोनीच येनार नसन, तं मृत्यू लिहून टाकू का?"

"नको!" नीलिमा ओरडली. "लिहू नका, पाया पडतो तुमच्या. मी येऊन राह्यली."

तिनं फोन ठेवला, पिशवी उचलली. टोल्याकडे जायला एटापल्लीची गाडी गाठायची होती. कमळाबाई मात्र वाटेत उभी राहिली, तिच्याकडे बघत. मग तिनं नीलिमाचा पदर छातीवर नीट ओढून दिला. ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओला झाला होता.

"झाकून घ्या, बाई," ती हळूच म्हणाली. "पान्हा फुटला तुमाले."