चिंचोक्याचे दात

गोष्ट नाही सांगत, घडलेलं सांगतो. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मध्येच खीखी केलेलं मला चालणार नाही.

धरमपेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून महादेवराव राहायचे. शाळेत ड्रॉइंग मास्तर. पण लोक ओळखायचे ते खटखट्यामुळे. टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात लाल गोंड्याच्या टोपीचं एक बाहुलं यायचं. मऊ स्पंजाचं, बोळक्या तोंडाचं, भलतं आगाऊ. आत हात महादेवरावांचा आणि आवाजही त्यांचाच. मुंबईचं बोलावणं आलं की मास्तर अशा थाटात स्टेशनावर निघायचे, जणू नवरदेवच. पुढचं बरंचसं त्यांनीच मला सांगितलं, हातवारे करून. हातवारे का, ते कळेलच.

पंच्याऐंशी साल, चौदा सप्टेंबर, पोळ्याचा दिवस. दिवेलागणीला मास्तर सायकल काढून महाल भागात गेले. काम साधंच होतं. नत्थूजी सुतार नागपंचमीच्या सुमारास वारले होते आणि त्यांच्या बायकोनं, कांताबाईनं, निरोप धाडला होता की एक वस्तू घेऊन जा.

हे नत्थूजी तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल करायचे. अर्ध्या नागपूरच्या पोरांनी त्यांचेच बैल ओढले. आणि खटखट्या जन्मला तोही त्यांच्याच हातून. ते पहिलं बाहुलं सागवानी होतं. जबडा खालीवर व्हायचा आणि खटखट वाजायचा, म्हणून ते नाव. तोंडात दात होते, घासून चकचकीत केलेल्या चिंचोक्यांचे. तो नाकातला किनरा आवाजसुद्धा नत्थूजींचाच, मास्तरांनी ऐकून ऐकून उचललेला. दोन-चार शाळांत खेळ झाले. दात पाहून पोरं रडली. मग टीव्हीवाल्यांनी दात काढून स्पंजाचं नवं बाहुलं करवलं, आणि लाकडी खटखट्या नत्थूजींच्या फळीवर गेला, तो पुन्हा कुणी पाहिला नाही. मूळ कल्पना कुणाची, असं मुंबईत विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "माझीच. लाकूडही मीच कोरलं." एकदा बोललेलं खोटं मग जन्मभर पोसावं लागतं.

कांताबाईनं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं बाहुलं त्यांच्यापुढं ठेवलं.

"भाऊजी, जाताना यायनं येकच गोष्ट सांगतली. माह्यं नाव नाही घेतलं तरी चालते म्हने, पन त्याले आगीत नोका टाकू. कन्हान नदीले नेऊन सोडा. माहा आवाज हाय त्याच्यात, म्हने."

"सोडतो ना वहिनी. उद्याच जातो."

"विसरान नाही ना?"

"तुमची आण."

घरी येऊन मास्तरांनी फडकं सोडलं. बाहुल्याच्या मानेमागं बैलाच्या शिंगांची बारीक खूण कोरलेली होती. नत्थूजींच्या प्रत्येक बैलाच्या पोटाखाली असते तीच. मास्तरांनी ती अंगठ्यानं झाकली. कारण मुंबईत जुन्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि 'पहिला खटखट्या' शोधायला तिथला एक माणूस सोमवारी घरी यायचा होता. नदीत सोडलं तरी लाकूडच ते, तरंगणार. कुठंतरी घाटाला लागलं, कुणी उचललं, तर इतक्या वर्षांचं नाव पाण्यात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तुम्हाला माहीतच आहे. गल्लीतली पोरं पेंढ्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करतात, मिरवतात आणि वस्तीबाहेर नेऊन जाळतात. घरातली पीडा त्याच्याबरोबर धाडायची. मात्र जी धाडायची तिचं नाव घ्यावं लागतं. आपल्या गल्लीचा बडग्या मास्तरांच्याच फाटकाला टेकवून ठेवला होता. पहाटे कुणी उठायच्या आत त्यांनी ते गाठोडं त्याच्या पोटात खुपसलं आणि वरून पेंढा दाबला.

सकाळी मिरवणूक निघाली. मास्तरांची बायको कुसुमताई ओरडली, "गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत!" कुणी खोकला धाडला, कुणी महागाई. मास्तरांना मात्र नाव घेता येईना. काय म्हणणार होते? नत्थूजीला घेऊन जा? त्यांनी नुसताच आवाज चढवला,

"घेऊन जा गे मारबत!"

काय घेऊन जा, ते सांगितलंच नाही.

बडग्या पेटला. आत काहीतरी खटखट वाजू लागलं. पोरं म्हणाली, बांबू फुटून राहिला. मास्तर घरी आले आणि पोटभर जेवले.

त्याच दिवशी, रविवारी, रात्री आठच्या सुमारास मैदानात तान्हा पोळा भरला. पोरं आपापले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी. बहुतेक सगळे बैल नत्थूजींचे. बघायला आलेल्या मास्तरांकडं त्यांची तोंडं. पोरांनी गिल्ला केला, "सर, खटखट्या दाखवा ना!" नाही म्हणायला मास्तर काही लाजाळू नव्हते. स्पंजाचं बाहुलं पिशवीतच होतं. त्यांनी हात घातला.

आत ऊब होती. चुलीपाशी सुकवलेल्या कपड्याला असते तशी.

त्यांनी तोंड उघडलं...

आवाज आला नाही.

ते खाकरले. पुन्हा तोंड उघडलं. काही नाही.

खट.

लाकडावर लाकूड आपटावं तसं. स्पंजाच्या तोंडातून. पोरं हसली.

खट. खट.

मास्तरांनी बोटं हलवली नव्हती. त्यांनी हात ओढला. निघेना. पुन्हा ओढला.

"मास्तर..."

तोच आवाज. नाकातला. किनरा.

"मले काहून जाळलं गा?"

आता कुणी हसेना. पहिल्या रांगेतली पाच वर्षांची जया तेवढी म्हणाली, "आई, त्याले दात आले वं."

"माहा आवाज... दे."

 मास्तर 'नत्थूजी' म्हणायचा प्रयत्न करत होते. माफ कर, म्हणायचं होतं. ओठ हलले...

खट.

बाहुलं ढिलं पडलं आणि हात सुटला. मनगटावर दोन्ही बाजूंनी बारीक खळग्यांची ओळ उमटली होती.

डॉक्टरांनी घसा तपासला, नागपुरात आणि मुंबईतही. घसा उत्तम, म्हणाले. प्रदर्शनवाला आला तसा परत गेला. टीव्हीवरचा खटखट्या बंद पडला, कारण तो आवाज दुसऱ्या कुणाला जमेना. मास्तरांनी खाणाखुणांनी सगळं कबूल केलं तेव्हा कुसुमताईंनी आधी कपाळ बडवून घेतलं आणि मग थेट महाल गाठला. कांताबाईच्या पाया पडल्या.

कांताबाई म्हणाली, "मी माफ केलं वं बाई. पन मी कोन? त्यायनं त माह्यापाशी काही मागतलंच नव्हतं. जे मागतलं ते तुह्या नवऱ्यापाशी."

कुसुमताईंना दुसरं काय सुचणार? त्यांनी ते स्पंजाचं बाहुलं घेतलं, मीच त्यांना कन्हानला नेलं. हळदकुंकू वाहून त्यांनी ते पाण्यावर ठेवलं. मूठभर वजनाचा स्पंज तो... दगडासारखा सरळ तळाला गेला. आम्ही एकमेकांकडं पाहिलंही नाही.

परतलो तेव्हा अंधार पडला होता. मास्तर खाटेवर ताठ बसलेले. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून पाणी.

"सोडलं मी त्याले," कुसुमताई म्हणाल्या. "आता बोला. काही तरी बोला ना."

त्यांनी मान हलवली. नाही.

"काय झालं? तोंड उघडा."

 मग हळूहळू त्यांचा जबडा खाली आला. मी दिवा जवळ नेला.

जिभेवर एक चिंचोका होता. घासून चकचकीत केलेला, एका कडेनं जळालेला.