उलट्या गाठीची शिवण

ऑपरेशनसाठी लेकीनं पगारातून आणलेलं पाकीट अब्बांनी उघडलंसुद्धा नाही... बोटाच्या टोकानं अलगद परत सरकवलं.

"डोळे अल्लाहनं दिलेत. ते मला विम्याच्या पैशानं उघडायचे नाहीत."

डावरीनं ते तिथंच राहू दिलं. लहानपणी डाव्या हातानं लिहायची म्हणून तिला घरात हेच नाव पडलं होतं. अब्बा पुस्तकं बांधायचे आणि ती विमा कंपनीत कामाला होती. आईच्या आजारपणात धरलेली नोकरी, ती पुढे सुटलीच नाही. सात वर्षं त्या एका घरात दोन पातेली शिजत होती, तिच्या पगाराचं वेगळं आणि त्यांच्या कमाईचं वेगळं. बाप तत्त्वाचा पक्का आणि लेक त्याच मातीची, मग काय विचारता!

"मौलवीसाहेब म्हणाले ना अब्बा, यात आलिमांची, धर्माच्या जाणकारांची, दोन मतं आहेत. गरज असेल तर विम्याचा पगार काहीजण चालवून घेतात."

"बरेचजण नाहीच म्हणतात. उद्याचं कुणालाच ठाऊक नाही, त्यावर पैसा लावायचा आणि वर तो व्याजात गुंतवायचा. लोकांनी वर्गणी काढून एकमेकांना सावरावं, मी आनंदानं देईन. हा मात्र धंदा आहे, बेटा."

त्या 'बेटा'त इतकी माया होती की तिला धड भांडताही येईना.

दोन वर्षं मोतीबिंदूनं त्यांच्या नजरेवर धुकं धरलं होतं. शिवण वाकडी जाऊ लागली होती. गिऱ्हाईक तुटलं की त्यांचं पातेलं रिकामं, आणि हे उपाशी राहतील पण तिच्या पातेल्याला हात लावणार नाहीत, हे ती पुरतं ओळखून होती. त्यांच्या डब्यात आपले मूठभर तांदूळ लोटणं काय अवघड होतं? पण तो त्यांच्या श्रद्धेवर डल्ला झाला असता, आणि ते पाप तिच्या हातून होणं शक्य नव्हतं.

म्हणून पहाटेच्या नमाजानंतर अब्बांचा डोळा लागला की ती त्यांची शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. खळीचा ओलसर वास, खिडकीतून झिरपणारा दुधी उजेड, सुईमागून सरकत जाणारा धागा... आपण अजून लहान आहोत, अब्बांच्या मांडीवर बसून गाठ मारायला शिकतोय, असं तिला वाटत राही, आणि मग रोज ऑफिसला उशीर होई.

आज सुट्टी होती. पाकीट सरकवून अब्बा कामाला बसले, कालच्या पुस्तकाच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि तो मध्येच थांबला.

"ही गाठ उलटी आहे. उजव्या हाताची अशी बसत नाही... कधीपासून?"

"दोन वर्षं. पण माझ्या पगाराचा एक दाणासुद्धा तुमच्या डब्यात घातला नाही, अब्बा. शपथेवर सांगते."

"शपथ कशाला घेतेस? मला ठाऊक आहे." त्यांचा अंगठा त्या गाठीवरच होता. "तुझ्या आईच्या औषधांनाही तूच धावलीस, आणि मी तोंड फिरवून बसलो. विमा दूर ठेवायला निघालो होतो, पोरी... आणि दूर ठेवलं ते तुला."

पुस्तकावर टपकन थेंब पडला. कुणाचा, ते दोघांनाही कळलं नाही.

"विमा मला आजही पटत नाही," पुस्तक बाजूला ठेवत ते म्हणाले.

"माहीत आहे."

"पण या कामात निम्मा वाटा तुझा. दोघं मिळून साठवू, ऑपरेशन त्यातूनच करू."

तिनं मान हलवली. मग त्यांना ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन "बरं" म्हणाली, आणि सात वर्षांच्या सवयीनं दूर दाराशी जाऊन बसली.

अब्बांनी चाचपडत बाकावर जागा केली.

"लांब नको बसूस गं. मला दिसत नाहीस."