शिवम्माचा उडवा

कंदील बारीक करा. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, नंतर मला दोष देऊ नका.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. उदगीरच्या अलीकडं आमचं गाव. माणिकप्पा माझ्याबरोबर डाळमिलीत हमाली करायचा. आदल्या साली पाण्यासाठी डोकी फुटली होती आणि आता पाऊस थांबायचं नाव घेईना. हवाच ओली. मिठाचं पाणी झालं, काडी पेटेना, अंथरुणाला बुरशी. त्यात माणिकप्पाची बायको शिवकांता बाळंतीण. खाटेखाली शेगडी पाहिजे, लंगोटं वाळवायला निखारा पाहिजे आणि घरात एक कोरडी गोवरी नाही.

पोळ्याच्या आदल्या रात्री लेकराचे ओठ निळे पडले. शिवकांता म्हणाली, "कुठून बी आणा, पर जाळ आणा. लेकरू गार पडाय लागलंय."

शेजारचं धोंडप्पाचं घर बंद होतं. परसात त्याच्या बायकोनं, शिवम्मानं, गोवऱ्या रचून वरून शेणानं लिंपलेला उडवा तसाच उभा. आमच्याकडं जिनं उडवा लिंपला, तिनंच तो फोडायचा. पण शिवम्मा कुठली? दुष्काळात शेण कालवायला घागरभर पाणी घेतलं, म्हणून धोंडप्पानं तिला मुसळानं मारून संपवलं होतं. तो जेलात. दोन घरांत एकच भिंत; माणिकप्पानं सगळं ऐकलं होतं. 'नवरा-बायकोचं हाय' म्हणून वाकळ डोक्यावर ओढून झोपला होता. मला त्याचा अजून राग येतो.

त्यानं पहारीनं उडवा फोडला. आतल्या गोवऱ्या खडखडीत कोरड्या. शेगडी पेटली. लेकराच्या अंगावर रंग आला, ते दूध ओढायला लागलं. शिवकांताला रडूच आलं.

मग बाहेरच्या भिंतीवर आवाज झाला.

थप्...

"पाऊस आसंल," माणिकप्पा म्हणाला.

थप्... थप्...

कुणीतरी गोवऱ्या थापत होतं. भर पावसात.

त्यानं कडी काढली. केसाला धरून त्याला कुणीतरी अंगणात ओढलं. मागं दार आपटलं. शिवकांता आतून ओढत राहिली, दार हलेना.

पहिला घाव तोंडावर. दात गेले. मग बरगड्या. मग हात. दिसत कुणीच नव्हतं. नुसते घाव...

"शिवम्मा... चुकलो गं माय... आरं कुणी तरी या रं!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. एकाही घराची कडी निघाली नाही.

...

सकाळी माणिकप्पा चिखलात सापडला. जिवंत होता. पण उजव्या हाताचा चुरा झालेला, पुन्हा त्यानं पोतं उचललं नाही. लेकरू आत उबेला निवांत झोपलं होतं.

बाहेरच्या भिंतीवर ओळीनं गोवऱ्या. वरून पाऊस, आणि गोवऱ्या कोरड्या. प्रत्येकीवर बाईच्या हाताची पाच बोटं उमटलेली. आणि अगदी खाली, एकीवर... इवलासा पंजा. नुकत्याच जन्मलेल्या लेकराएवढा.

शिवकांतानं आपल्या लेकराची मूठ उघडून पाहिली. तळवा स्वच्छ होता.

शिवम्माला मूलबाळ नव्हतं, असं गाव आजही सांगतं.