चप्पल बांधलेली होडी

“योगिता, धाव! इथे बघ काय लटकतंय!”

नदीकाठच्या नार्वे गावात धक्क्याशेजारी ओढून ठेवलेल्या होडीमागून साईशचा आवाज आला, तशी योगिता चिखल तुडवत धावली. यंदाची मे महिन्याची सुट्टी तिला सुट्टी वाटतच नव्हती. तिचे बाबा, हरी, पोटासाठी गडहिंग्लजहून इथे आलेले. ते गोकुळदासांची पर्यटकांची होडी चालवायचे. मागच्या आठवड्यात होडी खडकावर आपटली आणि बाबांचा पाय मोडला. गोकुळदास खाटेशेजारी उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घाटावयल्याक न्हंय कशी कळटली? पियेवन आसतलो!”

घाटावरच्या माणसाला नदी काय कळणार, प्यायलेला असणार, असं त्यांचं म्हणणं. बाबा तर दारूच्या थेंबालाही शिवत नसत. “यंत्रावर तीन मीटर पाणी दिसत हुतं वो,” ते कळवळून सांगत, आणि भेटायला आलेली माणसं एकमेकांना डोळे घालत. सोमवारपर्यंत आमची खोली रिकामी करा, असा गोकुळदासांचा निरोपही आला होता. आई भांडी पोत्यात भरत होती.

साईश आणि सेजल ही गोकुळदासांच्या भावाची मुलं, कारापूरहून सुट्टीला आलेली. पण काकांपेक्षा त्यांना योगिता जवळची होती!

बाबांच्या त्या आपटलेल्या होडीच्या मागच्या फळीवर, तळाशी, साबणाच्या वडीएवढा काळा सेन्सर होता. तो पाण्यात आवाज सोडतो, तळावरून परत आलेला आवाज ऐकतो आणि चाकाजवळच्या पडद्यावर खोली दाखवतो. त्याची पट्टी तडकली होती, तार सोलवटली होती. त्याचं तोंड खाली असायला हवं, ते मागे वळलं होतं. आणि बिजागरीला काळा दोरा होता, दोऱ्याला चपलेचा तुटका अंगठा!

“काकांची जुनी चप्पल!” सेजल ओरडली. “दिश्ट लागू नये म्हणून बांधतात. ट्रकालासुद्धा बांधलीय!”

योगिताने सेन्सर सरळ खाली दाबला आणि दोरा मागे ओढला. खट्! सेन्सर बिजागरीवर वर उचलला गेला.

“होडी जोरात निघाली की पाणी चपलेला मागे ओढणार, चप्पल सेन्सरला ओढणार,” ती म्हणाली. “मग तो खालचं पाणी सोडून मागचं लांबचं मोजणार! बाबा खरं बोलत होते!”

दोरा सोडून घेऊन तिघंही तडक काकांकडे गेली. गोकुळदासांनी ऐकून घेतलं, साईशच्या कानाखाली वाजवली आणि दोरा नदीत भिरकावला. “आतां दाखय पुरावो! आनी तू गो, बापायक व्हर आनी वच गांवाक!”

बापाला घेऊन गावी जा, म्हणे! साईशचा गाल लाल झाला होता. योगिताचा त्याहून लाल झाला, रागाने!

“आता पुरावा काकांकडूनच घ्यायचा,” सेजल दात-ओठ खात म्हणाली. मग साखरेसारखा आवाज काढून ती काकांना म्हणाली, “मिस्त्री कशाला? सेन्सर आम्ही बसवतो!”

फुकटात काम होतंय म्हटल्यावर काका खूश. मुलांनी तार सांधून जलरोधक पट्टी गुंडाळली. तडकलेली पट्टी काढून ॲल्युमिनियमची लावली. जुनी भोकं पुट्टीने बुजवली, सेन्सर फळीच्या कडेखाली बोटभर उतरवून गुण्या लावून काटकोनात धरला, आणि स्क्रू पिळले.

“सरळ धर रे! माशांना तोंड दाखवायचं नाहीये त्याला!”

“तूच वाकडी बघतेयस!”

रविवारी सकाळी होडी पाण्यात उतरली. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी पाहायला देवळातली मंडळी बसली, गावचे पंच बसले, फेरीबोट चालवून निवृत्त झालेले शांताराम बसले. चाकावर खुद्द गोकुळदास! साईशने धक्क्याजवळ बांबू बुडवून पाणी मोजलं. दोन मीटर. पडद्यावरही दोन मीटर. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“काका, दृष्टीचं राहिलं की!” सेजल निरागसपणे म्हणाली. “तुम्ही पूर्वी बांधायचात तशीच बांधा!”

चपलेने होडी आपटत नाही हे दाखवायला गोकुळदासांनी सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने, त्याच बिजागरीला आपली जुनी चप्पल बांधली. वर हातही जोडले!

होडी सुसाट निघाली. मुलांनी ओहोटीची वेळ मुद्दाम साधली होती, आणि समोर मऊ चिखलाचा उंचवटा पाण्याखाली दबा धरून होता. चिखलच तो, खडक नव्हे; तेवढी दया त्यांनी दाखवली होती. योगिता हळूच सगळ्यांना म्हणाली, “घट्ट धरून बसा.” गोकुळदासांना मात्र तिने सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंच नाही.

“पळयात! तीन मीटर उदक!” गोकुळदास पडद्यावर बोट ठेवून गरजले.

धप्प!

होडी थांबली, गोकुळदास थांबले नाहीत. ते होडीच्या काठावरून उडून चिखलात तोंडावर पडले आणि उठताना कमरेपर्यंत रुतले. योगिता खदाखदा हसली. तिला जराही वाईट वाटलं नाही.

साईशने बांबू बुडवला. पाणी गुडघाभर! पडद्यावर अजून तीन मीटर! शांतारामांनी मागे वाकून वर अडकून राहिलेला तिरका सेन्सर पाहिला, ओढली गेलेली चप्पल पाहिली, आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

“हरी पियेल्लो नासलो रे गोकुळदासा. तूंच आंधळो!” मग त्यांनी योगिताच्या पाठीवर हात ठेवला. “शाबास गो बाय! तुम्ही तिघांनी मोठ्यांचे डोळे उघडलेत.” पंचांनीही टाळ्या वाजवल्या.

“मला शाबासकी नको,” योगिता गोकुळदासांकडे बोट दाखवत म्हणाली. “हे बाबांसमोर येऊन सांगा. ह्यांनीच सांगायचं!”

चिखलाने माखलेल्या गोकुळदासांना गावातून तसंच चालवत नेलं. पोरं मागून हसत होती, आणि कोणी त्यांना गप्प केलं नाही.

“हरी, चूक माझी,” दारात उभे राहून गोकुळदास पुटपुटले. “खोली सोडू नकोस.”

बाबांनी प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला.

“चूक तुमची, साहेब, आन् पाय माझा मोडला,” ते म्हणाले. “खोली सोडणार मी. पण सोमवारी न्हाई. ज्या दिवशी माझ्या पायानं चालंन, त्या दिवशी.”

आईने पोतं उलटं केलं आणि भांडी पुन्हा फळीवर लावायला घेतली.